जुन्या आउटबोर्ड मोटरीवर तलावाची फेरी: मोटर कुठे अडते आणि का

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर. ही 1970च्या दशकातली, दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारी. इग्निशन पॉइंट-कंडेन्सरचं, म्हणजे पॉइंट नावाचे छोटे संपर्क उघडले की ठिणगी पडते, तेही फ्लायव्हीलखाली, म्हणजे मोटरीच्या माथ्यावरच्या जड चाकाखाली. बोट ॲल्युमिनियमची, हलकी. फेरी साधी: या काठावरून समोरच्या काठावर, तिथे थांबा आणि ऊन कलल्यावर परत. जुन्या मोटरीसाठी मात्र एवढी फेरीही पुरेशी असते, कारण तिला गार असताना, तापल्यावर, भार घेताना आणि अगदी मंद चालीवर अशी सगळ्या तऱ्हेने चालावं लागतं. ती यांतल्या कोणत्या वेळी अडली हे नीट पाहिलं की शोध निम्म्यावर येतो. ते न पाहता प्लग बदल, कार्ब्युरेटर खोल, स्क्रू फिरव असं सगळं एकदम केलं तर शेवटी मोटर सुरू झाली तरी दोष कशात होता ते कळत नाही.

निघण्याआधी पेट्रोल. ताजंच घ्यावं. मागच्या मोसमातलं उरलेलं, रंग गडद झालेलं, आंबूस वास येणारं टाकीत ठेवू नये. या काळातल्या बहुतेक मोटरींना 50:1 मिश्रण चालतं, म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल. त्याहून जुन्या काहींना 24:1 लागतं, म्हणजे लिटरला साधारण 42 मिली. मोटरीच्या पुस्तिकेत असेल तेच प्रमाण धरावं. ऑइल टीसी-डब्ल्यू3 प्रतीचं, म्हणजे पाण्याने गार होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरींसाठीचं हवं. मोटरसायकलचं टू-स्ट्रोक ऑइल हवेने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्याने गार होणाऱ्या मोटरीत त्याची राख प्लगवर आणि रिंगांवर बसते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल शोषतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवलं तर खाली वेगळा थर दिसतो. असा थर दिसला तर टाकी रिकामी करून पुसून घ्यावी, दुसरा उपाय नाही.

पहिली चाचणी पिंपात, धक्क्यावर नाही. मोटरीचे पाणी ओढणारे छेद पुरते बुडतील इतकं पाणी हवं. कोरडी मोटर काही सेकंदही चालवू नये, वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर लगेच खराब होतं.

धक्क्यावरचा क्रम असा: मोटर पूर्ण खाली आणि उभी; टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा; नळी जोडलेली; प्रायमर बल्ब (नळीतला, दाबून पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी फुगा) बाण वर येईल असा धरून कडक होईपर्यंत दाबलेला; किल स्विचची, म्हणजे मोटर बंद करणाऱ्या स्विचची, क्लिप जागेवर; गिअर न्यूट्रल; थ्रॉटल स्टार्टच्या खुणेवर; चोक पूर्ण. दोरी आधी हळू ओढावी, अडल्यासारखी वाटली की मग एकच जोरदार ओढ. मोटर एकदा खोकली की चोक अर्धा. पाच-सहा ओढींत खोकलीही नाही तर ओढत राहण्यात अर्थ नाही, प्लग काढावेत.

प्लग कोरडे असतील तर पेट्रोल पोहोचत नाही. ओले असतील तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही किंवा अशक्त आहे. या फेरीत दोन्ही ओले निघाले.

ठिणगी तपासताना प्लग नुसता इंजिनाला टेकवून बघणं फसवं असतं. उघड्या हवेत ती दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली उडत नाही. गॅप टेस्टर, म्हणजे ठिणगीला ठरावीक अंतर ओलांडायला लावणारं साधन, वापरावा: पॉइंटवाल्या मोटरीत ठिणगीने निदान 6 मिमी अंतर ओलांडायला हवं, सीडीआय (पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असेल तर साधारण 11 मिमी, आणि रंग निळा हवा. तपासताना दोन्ही वायरी अर्थ झालेल्या, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडलेल्या, आणि प्लगच्या भोकांपासून लांब असाव्यात, कारण भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. इथे दोन्ही सिलिंडरांवर ठिणगी शून्य होती. एकावर गेली असती तर संशय त्या बाजूच्या कॉइलवर, कंडेन्सरवर किंवा पॉइंटवर जातो. दोन्हींवर एकदम गेली की आधी दोघांना समाईक असलेली गोष्ट बघायची, आणि ती म्हणजे किल स्विच. त्याची वायर सोडून पुन्हा दोरी ओढली आणि ठिणगी आली. दोष स्विचमध्ये होता: पावसाळ्याची ओल आत शिरून तो कायम अर्थ होत होता. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळवून तो परत जोडला. वायर सुटी ठेवून पाण्यात जाऊ नये. तशी मोटर बटणाने बंद होत नाही, आणि कोणी बोटीतून पडलं तर क्लिप निघूनही पंखा फिरतच राहतो.

त्यानंतर सुरू झालेली मोटर काठापासून थोडं लांब गेल्यावर हळूहळू दम सोडत बंद पडली. सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत मरणं हे जवळजवळ नेहमी पेट्रोलच्या पुरवठ्याचं दुखणं. कार्ब्युरेटरच्या वाटीत असतं तेवढ्यावर ती चालते, पुढचं येत नाही. अशा वेळी आधी नांगर टाकावा, मग कव्हर उघडावं. वाऱ्यावर वाहत दुरुस्ती होत नाही. मग प्रायमर बल्ब बघावा, तो सगळं सांगतो. चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू बंद, टाकीतली जाळी तुंबलेली किंवा जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटून आत दुमडलेलं. बल्ब मऊच राहत असेल आणि कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठून तरी हवा घेतोय किंवा आतली झडप गेली आहे. झडप धड असेल तर हवा बहुतेक वेळा कनेक्टरच्या ओ-रिंगमधून येते. इथे तेच होतं. ओ-रिंग चपटी झाली होती, नवी बसवल्यावर बल्ब कडक झाला.

बल्ब नीट आहे, पण मोटर कुणीतरी तो दाबत राहिलं तरच चालते, असं असेल तर फ्युएल पंपाचा पडदा बघावा. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या झटक्यांवर चालतो. पडदा ताठर झाला किंवा चिरला की ओढ संपते.

समोरच्या काठावर थांबून पंधरा-वीस मिनिटांनी परत निघताना बहुतेकांची गडबड होते. मोटर बंद झाल्यावर तिच्यातून पाणी फिरणं थांबतं, उष्णता कव्हरखाली कोंडते आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल तापून आत झिरपतं. त्यावर चोक ओढला तर मोटर बुडते, म्हणजे सिलिंडरमध्ये नको इतकं पेट्रोल साठतं. तापलेल्या मोटरीला चोक नको, थ्रॉटल किंचित उघडा आणि एक-दोन ओढी. बुडलीच तर चोक ओढू नये, बल्बला हात नाही, न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून आठ-दहा ओढी. पेटली की थ्रॉटल ताबडतोब खाली, रिकामी मोटर भणाणते. तेवढ्यानेही नाही तर प्लग काढून पुसावेत.

गार असताना पहिल्या ओढीत आणि तापल्यावर मुळीच नाही, तास-दोन तासांनी पुन्हा ठीक, अशी तऱ्हा असेल तर संशय कॉइलवर घ्यावा. जुन्या कॉइलच्या आवरणाला तडे जातात आणि तापल्यावर ठिणगी गळते. याची तपासणी अडली त्याच क्षणी करावी लागते. घरी नेऊन तपासली की कॉइल निर्दोष सुटते. दुसरी शक्यता रिंगांची. कॉम्प्रेशन मोजताना दोन्ही प्लग काढून, वायरी अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडून चार-पाच ओढी घ्याव्यात. आकडा मोटरीप्रमाणे बदलतो, दोन सिलिंडरांतला फरक जास्त महत्त्वाचा: दहा टक्क्यांच्या वर गेला तर इग्निशनमध्ये वेळ घालवू नये.

परतीच्या वाटेवर वेगात मोटर सुरळीत, पण धक्क्याजवळ चाल कमी केली की बंद. चोक थोडा ओढला की तगते. म्हणजे मंद चालीच्या मार्गात पेट्रोल कमी पडतंय, तिथे वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर आहे. त्यावर कार्ब्युरेटर काढून वाटी, फ्लोट, सुई आणि जेट स्प्रेने धुऊन हवेने फुंकावेत. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं होतं. मंद चालीचा स्क्रू हलक्या हाताने बसवून दीड फेरा बाहेर, हा आरंभ; पुढे मोटर ऐकून पाव-पाव फेरा. घट्ट पिळला तर पितळी टोकावर खाच पडते आणि मग तो कुठेच जुळत नाही.

सोबत प्लगचा पाना, नवे प्लग, ओ-रिंग, किल स्विचची जादा क्लिप, पंख्याची शिअर पिन (पंखा अडकला की स्वतः तुटून बाकीचं वाचवणारी), क्लॅम्प, पकड, कोरडं फडकं असावं. वल्ही तर असावीतच. शिवाय गाठ मारलेली जाड दोरी: स्टार्टरची दोरी तुटली तर कव्हर काढून ती फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवून गुंडाळता येते. त्यावेळी गिअर न्यूट्रल आहे हे हाताने तपासावं, कारण गिअरमध्ये असताना दोरी अडवणारी कळ बहुतेक मोटरींत स्टार्टरसोबतच निघते. सैल कपडे, ओढणी, मोकळे केस लांब ठेवावेत.

पॉइंटचं काम मोसम संपल्यावर, घरी. फ्लायव्हील भोकांत बोल्ट घालून ओढणाऱ्या पुलरनेच काढावं. दातांच्या कडेला जबड्याचा पुलर लावला तर ते वाकतं. पॉइंट कॅमच्या सर्वांत उंच जागी असताना अंतर 0.5 मिमी. नंतर कोरडा जाड कागद मध्ये धरून ओढून घ्यावा, बोटाचं तेल लागलं तरी ठिणगी अशक्त होते. फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा उतार स्वच्छ आणि कोरडा हवा आणि नट पुस्तिकेतल्या टॉर्कने कसलेला. नट सैल राहिला तर फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी धरणारी आतली चावी (धातूचा छोटा तुकडा) अर्धी कापली जाते, टायमिंग सरकतं आणि मोटर दोरीला उलटा झटका देते, तर ठिणगी आणि पेट्रोल मात्र दोन्ही ठीक दिसतात.