तुम्ही विचारलंत म्हणून: अवघड इंग्रजी शब्द आणि टर्म्स पाठ कशा करायच्या?

नेट-सेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांची, तयारी करणारी मुलं भेटली की हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, शब्दांच्या याद्या पाठ होतात, पण चार दिवसांत सगळं विसरायला होतं. लिटररी टर्म्सचं, म्हणजे साहित्यातल्या संज्ञांचं, तर विचारूच नका. मेटॉनिमी कुठली आणि सिनेक्डकी कुठली, दर वेळी गोंधळ. काय करू?" विचारणारे बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले असतात, आणि मेहनतीत कुठेही कमी पडत नाहीत. त्यांची मेहनत वाया जाताना बघून जीव तुटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

यादी बाजूला ठेवा आणि एकच नाटक हातात घ्या. मी 'मॅक्बेथ' सुचवते. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये ते सर्वांत छोटं आहे. त्याचा दुसरा अंक, दुसरा प्रवेश काढा. राजा डंकनचा खून करून मॅक्बेथ बाहेर आला आहे, हात रक्तानं माखलेत. समुद्राचं सगळं पाणी तरी हे रक्त धुऊन काढील का, असं तो स्वतःलाच विचारतो. आणि म्हणतो, नाही, उलट माझा हा हातच 'विल रादर द मल्टिट्यूडिनस सीज इनकार्नडाइन, मेकिंग द ग्रीन वन रेड'.

हे मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचून उपयोग नाही. 'मल्टिट्यूडिनस' आणि 'इनकार्नडाइन' हे लांबलचक, लॅटिन कुळातले शब्द. ते उच्चारतानाच तोंड भरून येतं, अफाट समुद्र डोळ्यांपुढे येतो. आणि लगेच पुढची ओळ: ग्रीन, वन, रेड. शाळेच्या पहिल्या वर्षी शिकलेले शब्द. हिरवं होतं ते सगळं एक लाल झालं, बस्स. 'इनकार्नडाइन' हा शब्द आधी रंगाचं विशेषण होता, शेक्सपिअरनं इथं त्याचं क्रियापद केलं. हा शब्द यादीत 'रक्तवर्णी करणे' अशा अर्थासह भेटला असता तर आठवड्यात गेला असता. मॅक्बेथच्या हातांसकट भेटला की जात नाही.

टर्म्सही इथेच सापडतात. एका माणसाच्या हातानं सगळे समुद्र लाल होणं ही हायपर्बली, म्हणजे अतिशयोक्ती. 'विल रादर'वर ओळ संपते पण वाक्य पुढच्या ओळीत वाहत जातं, ते एन्जॅम्बमेंट. थोडं मागं, पहिल्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात जा. डंकन मॅक्बेथच्या किल्ल्यापाशी पोचलाय आणि इथली हवा किती छान आहे म्हणून कौतुक करतोय. आत काय शिजतंय ते आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. पोटात गोळा येतो ना? त्या गोळ्याचं नाव ड्रॅमॅटिक आयरनी. आधी पोटात गोळा, मग नाव. व्याख्या पाठ करणाऱ्यांचा क्रम नेमका उलटा असतो.

मेटॉनिमी-सिनेक्डकीसाठी तर घराबाहेर पडायचीही गरज नाही. 'घरात खाणारी तोंडं सहा' म्हणताना आपण माणसाच्या एका अवयवानं अख्खा माणूस सांगतो, ही सिनेक्डकी. 'मंत्रालयानं आदेश काढला' यात इमारतीचं नाव घेऊन सरकार सांगतो, ही मेटॉनिमी. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे लक्षणेचं उदाहरण आपण शाळेतच शिकलोय. बांगडी हा बाईच्या शरीराचा भाग नाही, तिच्याशी जोडलेली वस्तू आहे, म्हणून हीसुद्धा मेटॉनिमी. अंश असेल तर सिनेक्डकी, नुसता संबंध असेल तर मेटॉनिमी. जोड्या लावायच्या प्रश्नात एवढा फरक पुरतो.

एकाच अर्थाचे तीन-तीन शब्द कशाला, हाही प्रश्न येतो. 1066 साली फ्रान्समधून आलेले नॉर्मन इंग्लंडचे राज्यकर्ते झाले आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच शब्द आले. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून आणखी आणले. म्हणून 'आस्क' जुनं घरचं, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेलं, 'इंटरॉगेट' लॅटिनमधलं. आपल्याकडेही विचारणं, सवाल करणं आणि पृच्छा करणं आहेच की. जेवायला कधी येणार अशी आईनं 'पृच्छा' केली, असं आपण म्हणत नाही. इंग्रजीतही तीच जाण लागते, आणि ती नुसता अर्थ पाठ करून येत नाही.

त्यासाठी शब्द कोणाच्या सोबतीनं येतो ते वहीत लिहा. 'एक्झॅसर्बेट'समोर 'वाढवणे' असं लिहिलं की कोणीतरी निबंधात आनंद एक्झॅसर्बेट करतं. प्रॉब्लेम, क्रायसिस, टेन्शन असे सोबती लिहिले असते तर ते झालं नसतं. जखम चिघळते, वाद चिघळतो. आनंद चिघळत नाही. हे आपल्याला मराठीत कोणी शिकवलं नाही, ऐकून आलं. इंग्रजी तितकं कानावर पडत नाही, म्हणून ते मुद्दाम टिपायचं.

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजीच वापरा, आणि तोही शिकणाऱ्यांसाठी केलेला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी सहकाऱ्यांसह जो कोश केला, तोच पुढे 1948मध्ये ऑक्सफर्डनं काढला. आजचा 'अॅडव्हान्स्ड लर्नर्स' तो हाच. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठीच तो आहे, म्हणून त्यात वाक्यं भरपूर असतात. अर्थ वाचून पान मिटू नका, वाक्यं वाचा.

आणि उच्चार ऐका. आपण हे शब्द छापील पाहूनच शिकतो, त्यामुळे 'हायपरबोल' आणि 'एपिटोम' तोंडात बसतात. ते हायपर्बली आणि एपिटमी आहेत. मोबाइलवरच्या कोशात स्पीकरचं चिन्ह असतं. ते दाबा, दोनदा मोठ्यानं म्हणा, आणि मगच वहीत उतरवा.