बार्शी लाईटचा भराव: कवठेमहांकाळ ते ढालगाव

कवठेमहांकाळच्या पुढे बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचे रूळ अजून जागेवर आहेत आणि त्यांवरून चालत दिवसभरात ढालगाव गाठता येते, असे मला मिरजेत छातीठोकपणे सांगण्यात आले होते. यातले काहीही खरे नाही. १९२७ साली सुरू झालेल्या तिच्या मिरज–पंढरपूर मार्गाचे रूळ ब्रॉडगेजच्या कामात उचलले गेले. नवा मार्ग बहुतांशी जुन्याच जागेवरून जातो आणि चालू रुळांवरून चालणे हा कायद्याने गुन्हा आहे. नवी लाईन सरळ काढताना जुन्या वळणांचे जे तुकडे बाजूला सुटले, त्यांवरील भराव आणि मोऱ्या एवढेच पाहण्यासारखे उरले आहे.

तेवढ्यासाठी मात्र जरूर जावे, कारण हलका लोहमार्ग कसा बांधत असत, हे रुळांपेक्षा मातीत अधिक स्वच्छ दिसते. बार्शी लाईटचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, २ फूट ६ इंच ठेवले आणि इंजिन असो की मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही, अशी सगळी गाडी आखली. त्यामुळे १८९७ च्या पहिल्या टप्प्यात यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचे रूळ पुरले. आज ब्रॉडगेजला मीटरला ६० किलोचा रूळ घालतात, म्हणजे एका किलोमीटरच्या दोन्ही रुळांना तेव्हा ३० टन लोखंड लागे, तिथे आता १२० टन लागते. अरुंद गेजला तीव्र वळणे चालत असल्याने टेकाड फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येई; खोदाई वाचे, भरावही बुटका राही.

याच पद्धतीने माझा घात केला. भरावाचा मुरूम लांबून न आणता शेजारीच खणून काढलेला असल्यामुळे दोन्ही बाजूंनी खड्ड्यांची रांग आहे आणि ते सारे खड्डे वेड्या बाभळीने भरले आहेत. ढालगावच्या अलीकडच्या जेमतेम दीड किलोमीटरला मला तीन तास लागले. भरावाचा माथा मोकळा असेपर्यंत ठीक होते, परंतु एका मोरीवरच्या फरश्या कोणीतरी काढून नेल्या होत्या, म्हणून खड्ड्यात उतरून पलीकडे चढावे लागले आणि तिथे एक काटा बुटाच्या तळातून थेट टाचेत शिरला. तरीही त्या मोरीच्या भिंतींपाशी मी अर्धा तास बसलो. घडीव काळ्या दगडाचा एकही सांधा हललेला नाही. हा तुकडा पावसाळ्यानंतर लगेच करू नये. डिसेंबरच्या आत तर मुळीच नाही. हातात कोयता असावा.

कवठेमहांकाळला जीप ठरवू नका. 'जुन्या रुळांपाशी सोडतो' असे सांगून एका जीपवाल्याने माझ्याकडून १,२०० रुपये घेतले आणि चालू मार्गाच्या फाटकापाशी उतरवून तो निघून गेला. ही सरळ लुबाडणूक आहे. एस.टी.ने नागज फाट्यावर उतरावे आणि तेथून ढालगावसाठी वडाप, म्हणजे माणशी भाड्याची सामायिक गाडी, पाहावे. भाडे बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

जुना रूळ मला अखेर दिसला तो एका शेताच्या फाटकाचा खांब म्हणून उभा केलेला. टेप लावून पाहिली तर उंची सव्वातीन इंच भरली. आजचा ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर, म्हणजे पावणेसात इंच उंच असतो. वरच्या टोकाशी फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) बोल्टांची दोन भोके शाबूत होती, त्यांतल्या एकात फाटकाची साखळी अडकवली होती. मालक म्हणाले, "मोजा की पाव्हणं. भंगारवाल्यानं तीनदा मागितला, पर आमी दिला न्हाई." त्या एका खांबाने काट्याचे आणि पैशांचे दुःख विसरायला लावले, हे मी मोकळेपणाने लिहितो. कोणाच्याही शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे, म्हणजे असे काही हाती लागते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या जत रोड स्थानकापर्यंत विनात्रास गेलो. वाटेत सावली नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी मिरजेतूनच भरून न्यावे.