दाढ मासेरूत, डॉक्टर नदीपलीकडे

लेसोथोत परमिट कसं काढलं, घर कसं मिळालं, हे मला बरेच जण विचारतात. ते होतं हो. मला बोलायचंय ते पासपोर्टच्या कोऱ्या पानांबद्दल.

नकाशा बघा. लेसोथोच्या चारही बाजूंना दक्षिण आफ्रिका. राजधानी मासेरूहून नियमित विमान सुटतं तेही जोहान्सबर्गलाच. नदीपलीकडचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं लेडीब्रँड वीस किलोमीटरसुद्धा नाही, पण भारतीय पासपोर्टवर तिथे जायला व्हिसा लागतो. पहिला व्हिसा मला वर्षभराचा, कितीही वेळा जा-ये करण्याचा मिळाला होता, त्यामुळे मी दर दुसऱ्या शनिवारी पूल ओलांडायचो. एका फेरीत चार शिक्के: इकडून बाहेर, तिकडे आत आणि परतताना पुन्हा दोन. शिक्का मारणाऱ्याला रोज नवीन पान का लागतं, देव जाणे. छत्तीस पानांची वही वर्षात भरत आली आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

व्हिसा संपला आणि नेमकी जूनमध्ये दाढ ठणकायला लागली. जून म्हणजे इथला हिवाळा, डोंगरांवर बर्फ. इथल्या दंतवैद्यानं एक्स-रे बघून दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनला जायला सांगितलं. दीडेकशे किलोमीटर, दोन तासांत पोचलो असतो.

व्हिसाच्या खिडकीवर सगळे कागद दिले. बाईंनी पासपोर्ट मागून पुढे चाळला. "दोन कोरी पानं लागतात. तुमच्याकडे एकच आहे." मी दुसरं दाखवलं. त्यावर कोपऱ्यात, शाई संपत आलेल्या शिक्क्याची अर्धी कड उमटली होती. तारीखसुद्धा वाचता येत नव्हती. "हे कोरं नाही," म्हणाल्या. बरोबरच होतं म्हणा.

नवीन पासपोर्ट काढा, असा सल्ला मिळाला. आता गंमत ऐका: लेसोथोचं काम बघणारा भारतीय उच्चायोग आहे प्रिटोरियाला. प्रिटोरिया दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे पानांसाठी व्हिसा हवा आणि व्हिसासाठी पानं! हे मी त्यांना दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. अशा ठिकाणी आवाज चढवू नका, माझे दोन दिवस त्यात गेले. गाल सुजलेला, गरम पाण्याच्या गुळण्या आणि रोज सकाळी तीच रांग.

चौथ्या दिवशी खिडकीवर एक वयस्कर गृहस्थ होते. मी आधी "दुमेला, न्टाटे", म्हणजे 'नमस्कार, बाबा', म्हटलं (लिहितात 'लुमेला', म्हणतात 'दुमेला', पहिले सहा महिने मी चुकीचंच म्हणत होतो). तब्येत विचारली, त्यांनी माझी विचारली, मी गालाकडे बोट दाखवलं. त्यांनी ते पान उजेडात धरलं, पुन्हा धरलं, आत कुणाला तरी दाखवून आले. "चालेल." अकरा दिवसांनी व्हिसा हातात. खरं सांगतो, रूट कॅनल त्या मानानं काहीच नव्हतं.

तेव्हा भारतातून निघतानाच साठ पानांची वही मागा. छत्तीसचे पंधराशे, साठचे दोन हजार. मी पाचशे रुपये वाचवले होते! आणि पुलावर पासपोर्ट देताना जुनं भरत आलेलं पान उघडून द्या, "इथेच मारा" म्हणून हसून सांगा. बहुतेक जण ऐकतात.

हो, व्हिसासाठी लागणाऱ्या बँकेच्या स्टेटमेंटवर शिक्का प्रत्येक पानावर घ्यायचा, शेवटच्या एकट्यावर नाही. आणि खिशातले मालोटी (लेसोथोचं चलन; एक असेल तर लोटी) पुलाच्या अलीकडेच संपवा. लोटी आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव सारखाच, मासेरूत दोन्ही चालतात, पण पलीकडच्या दुकानात मालोटी सहसा कुणी घेत नाही. मी पेट्रोल भरून मोकळा झालो आणि मग कळलं.