स डॉट स्टार आणि सात लेबलं

वडोदरा, शनिवार. आजचं काम दांडिया बाजारातल्या एका मराठी वाचनालयाच्या लेबलांचं. डेटाबेसमध्ये टेबलं दोन. सभासदमध्ये क्रमांक, नाव, पत्ता, मोबाइल. देवघेवमध्ये क्रमांक, सभासद_क्र, पुस्तक, तारीख. यंदा ज्यांनी निदान एक पुस्तक नेलं त्यांचेच पत्ते छापायचे. म्हणजे कॉलम सगळे सभासदचे, देवघेव फक्त चाळणीपुरतं.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नुसतं सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम द्या) लिहून जॉइन केलं, म्हणजे दोन टेबलं जोडली, की आठही कॉलम येतात आणि त्यात क्रमांक दोनदा. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत ओळ कॉलमच्या नावाने उचलली तर मागून आलेला क्रमांक आधीच्यावर बसतो. सभासद २१४ च्या लेबलावर देवघेवीचा ९०७३ छापला जातो आणि एरर कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा सिलेक्टमध्ये नुसतं 'क्रमांक' मागितल्यावर मायएसक्यूएल (आपला डेटाबेस) १०५२ ही एरर, म्हणजे कॉलम कुठल्या टेबलातला ते कळेना, देऊन अडतं ते परवडलं.

उपाय साधा, स.* म्हणजे फक्त सभासदचे सगळे कॉलम:

सिलेक्ट स.* फ्रॉम सभासद स जॉइन देवघेव द ऑन द.सभासद_क्र = स.क्रमांक

(टेबलांची नावं देवनागरीत ठेवली तरी मायएसक्यूएलला चालतात, कीवर्ड मात्र इंग्रजीतच टंकायचे.) एकदा स हा अलायस (टोपणनाव) दिला की त्या क्वेरीत सभासद.* चालत नाही, जुनं नाव तिथे ओळखलंच जात नाही. सोबत देवघेवीतला एखादा कॉलम हवा असेल तर स.*, द.तारीख. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नुसत्या स्टारपुढे स्वल्पविराम देऊन दुसरा कॉलम मागता येत नाही, पण असं लिहिलं की चालतं.

खरी गंमत इथून पुढे. स.* ने कॉलम कमी होतात, ओळी नाही. एखाद्या काकूंनी यंदा सात पुस्तकं नेली असतील तर त्यांची ओळ सात वेळा येणार, अक्षरश: तीच, आणि सात लेबलं निघणार. यावर सगळे डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच) मारतात. लेबलं एकेक होतात खरी, पण डेटाबेस आधी ओळी वाढवतो आणि मग त्याच गाळत बसतो. उद्या कोणी त्यात द.तारीख घातली की काकू पुन्हा प्रत्येक तारखेला हजर.

दुसऱ्या टेबलातलं काहीच दाखवायचं नसेल तर जॉइन कशाला? एक्झिस्ट्स, म्हणजे नोंद आहे का एवढंच विचारणारं, घ्यावं:

सिलेक्ट स.* फ्रॉम सभासद स व्हेअर एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम देवघेव द व्हेअर द.सभासद_क्र = स.क्रमांक)

तारखेची अट आतल्या कंसात. एक नोंद सापडली की काम झालं, ओळी वाढायचा प्रश्नच नाही. देवघेवमध्ये सभासद_क्र आणि तारीख यांचा मिळून एक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असावा.

उलटी यादी, म्हणजे यंदा एकही पुस्तक न नेलेले, यात लोक जास्त फसतात. लेफ्ट जॉइन (जोडी नसली तरी सभासदाची ओळ ठेवणारा) करून द.क्रमांक इज नल (रिकामा) बघायचं, पण तारखेची अट ऑनमध्ये हवी. व्हेअरमध्ये टाकली तर शून्य ओळी, कारण जिथे जोडीच जमली नाही तिथे तारीखही नल, आणि नल कुठल्याच तुलनेत बसत नाही. नॉट इन, म्हणजे ‘यादीत नाही’ ही अट, तिचं दुखणं तेच: देवघेवीत एका जरी ओळीत सभासद_क्र नल राहिला असला तरी अख्खी यादी रिकामी. इथे नॉट एक्झिस्ट्सच बरं.

व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) करताना स.* टाळून कॉलम नावानिशी लिहावेत. मायएसक्यूएलचा व्ह्यू बनतानाच्या कॉलमांवर गोठतो. नंतर सभासदमध्ये ईमेल वाढवला तरी व्ह्यूत दिसत नाही.

डिलीटलाही अलायसचा हाच नियम. डिलीट स फ्रॉम सभासद स जॉइन… असं लिहिलं तर सभासद उडतात, डिलीट द लिहिलं तर देवघेव. एका अक्षराचा फरक, म्हणून डिलीट स च्या जागी आधी सिलेक्ट काउंट(डिस्टिंक्ट स.क्रमांक) चालवून आकडा पाहून घ्यावा.