पत्ता ह्यूस्टनचा, कारभार कोणाचा?

नोव्हेंबर २०१५ मध्ये मी अमेरिकेत पहिल्यांदा मतदान केले. नागरिकत्व मिळून जेमतेम काही महिने झाले होते, ह्यूस्टनच्या महापौरपदाची निवडणूक रंगात आली होती आणि मी उत्साहाने सगळ्या उमेदवारांची मते वाचून, एक नाव मनाशी पक्के करून केंद्रावर गेलो होतो. यंत्रावर टेक्सासच्या राज्यघटनेच्या दुरुस्त्यांचे प्रश्न एकामागून एक आले, पण महापौराचे पान काही आले नाही. टेबलामागे बसलेल्या आजीबाईंना मी विचारले, तेव्हा त्यांनी माझा पत्ता पुन्हा पाहिला आणि अत्यंत प्रेमळपणे सांगितले की माझे घर ह्यूस्टन शहरात नाही. माझ्या टपालावर, वाहन परवान्यावर आणि विजेच्या बिलावर 'ह्यूस्टन, टेक्सास' असेच छापलेले होते. परंतु ते टपाल खात्याच्या सोयीचे नाव, त्याचा शहराच्या हद्दीशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. त्या वर्षी डिसेंबरमध्ये, पहिल्या दोन उमेदवारांमधल्या फेरनिवडणुकीत, सिल्वेस्टर टर्नर चार हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. म्हणजे मत खरोखर मोलाचे होते, फक्त ते माझ्याकडे नव्हते.

तुमचे घर ह्यूस्टन शहराच्या हद्दीत आहे का, हा प्रश्न गेल्या दहा वर्षांत मी इथल्या अनेक मराठी मंडळींना विचारला आहे आणि बहुतेकांची माझ्यासारखीच गफलत झालेली आढळली आहे. भारतातल्या नातेवाइकांना आपण सगळेच 'ह्यूस्टनला राहतो' असे सांगतो. प्रत्यक्षात शुगर लँड आणि पेअरलँड ही स्वतंत्र शहरे आहेत. केटी नावाचे एक चिमुकले शहर आहे, पण लोक ज्याला केटी म्हणतात तो तीन काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, पसरलेला विस्तीर्ण भाग बव्हंशी त्या शहराच्या हद्दीबाहेर आहे, आणि सायप्रस तर शहरच नाही. २०२० च्या जनगणनेनुसार ह्यूस्टन शहराची लोकसंख्या सुमारे २३ लाख आणि हॅरिस काउंटीची सुमारे ४७ लाख आहे; या काउंटीतले २० लाखांहून अधिक लोक कोणत्याच शहरात राहत नाहीत. त्यांना महापौर नाही, नगरसेवक नाही, शहराचे पोलीस नाहीत. रस्ते काउंटीचे, पोलीस काउंटीतून निवडून आलेल्या शेरीफचे किंवा कॉन्स्टेबल नावाच्या अधिकाऱ्याचे, आणि नळाचे पाणी व सांडपाणी यांची व्यवस्था 'मड'कडे.

हे मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, पाणी-सांडपाण्यासारख्या सोयींपुरता आखलेला छोटासा 'जिल्हा'. घर घेताना दलालाने 'मड टॅक्स थोडा जास्त आहे' असे पुटपुटलेले प्रत्येकाला आठवते, त्यापुढे कोणी चौकशी करत नाही. मीही केली नव्हती. माळरानाचा मोठा तुकडा घेणारा विकासक राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे अर्ज करून असा जिल्हा स्थापन करून घेतो. जलवाहिन्या, सांडपाण्याची व्यवस्था आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांवर आधी तो स्वतः खर्च करतो. पुढे हा जिल्हा कर्जरोखे विकून त्याचे पैसे परत करतो, आणि त्या रोख्यांचे हप्ते त्या जमिनीवर पुढे राहायला येणारे घरमालक मालमत्ता करातून फेडत राहतात. रोखे काढण्याचा अधिकार मतदारांनी द्यावा लागतो. तिथे अजून घरेच नसतात, तेव्हा त्या मोकळ्या जमिनीवर उभ्या केलेल्या फिरत्या घरात तात्पुरते राहायला आलेले दोन-चार मतदार कोट्यवधी डॉलरच्या कर्जाला मान्यता देतात, आणि हे सगळे पूर्णपणे कायदेशीर असते. आपल्याकडे नव्या उपनगरात आधी इमारती उभ्या राहतात आणि पाणी मागाहून टँकरने येते. इथे पाणी आधी येते आणि त्याचे कर्ज मागाहून, नव्या रहिवाशांच्या डोक्यावर येते. दोन्हींतली कोणती रीत बरी, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. मडचा कारभार पाच संचालक पाहतात, त्यांची निवडणूक सम वर्षांच्या मे महिन्यात असते, आणि जागा तितकेच उमेदवार असले की मतदान रद्दच होते.

शहराच्या हद्दीत येणाऱ्याला मात्र विलक्षण सामर्थ्यवान महापौर मिळतो. पुण्यात किंवा मुंबईत महापौर हे प्रामुख्याने मानाचे पद, खरी प्रशासकीय सत्ता आयुक्तांच्या हाती, आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहांची मुदत संपल्यावर तर तिथे प्रशासकच कारभार पाहू लागले, हे आपल्याला ठाऊक आहे. डॅलस, सॅन अँटोनिओ आणि ऑस्टिन इथे नेमणुकीने आलेला सिटी मॅनेजर कारभार पाहतो, म्हणजे व्यवस्था थोडीफार आपल्या आयुक्तांसारखी. ह्यूस्टनचे तसे नाही. इथला महापौर खातेप्रमुख नेमतो, अंदाजपत्रक मांडतो, कौन्सिलच्या बैठकीचे अध्यक्षपद भूषवतो आणि तिथे मतही देतो. कौन्सिलमध्ये १६ सदस्य आहेत, ११ प्रभागांतून आणि ५ संपूर्ण शहरातून निवडलेले. परंतु कोणता विषय चर्चेला येणार हे अनेक दशके जवळजवळ एकट्या महापौराच्या मर्जीवर अवलंबून होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने शहराच्या सनदेत दुरुस्ती केली आणि कोणत्याही तीन सदस्यांना एकत्र येऊन विषय पटलावर आणण्याची मुभा दिली. त्याच हंगामात जॉन व्हिटमायर महापौर झाले. फेरनिवडणुकीत पडलेली एकूण मते होती सुमारे दोन लाख. तेवीस लाखांच्या शहराचा एवढा बलाढ्य कारभारी दोन लाख मतांत ठरतो, हे वाचून मला माझे २०१५ चे हुकलेले मत पुन्हा आठवले.

शहराबाबत सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे इथे झोनिंग नाही, म्हणजे कोणत्या भागात घरे, कुठे दुकाने आणि कुठे कारखाने हे ठरवणारा शहराचा कायदा नाही, आणि ती खरी आहे. १९४८, १९६२ आणि १९९३ असे तीन वेळा मतदारांनी झोनिंग नाकारले. पण त्यावरून इथे कोणीही काहीही बांधू शकतो असा जो समज होतो, तो मला पटत नाही. अनेक वस्त्यांमध्ये जमिनीच्या खरेदीखतातच अटी लिहिलेल्या असतात: इथे फक्त एका कुटुंबाचे घर बांधावे, दुकान काढू नये, रस्त्यापासून इतके अंतर सोडावे. या अटी मोडणाऱ्याविरुद्ध शहराचा वकील सरकारी खर्चाने न्यायालयात जाऊ शकतो. म्हणजे नियम आहेतच, फक्त ते सर्वांसाठी सारखे नाहीत आणि सर्वांनी मिळून ठरवलेले नाहीत. ज्या वस्तीजवळ वकील, वेळ आणि जिवंत नागरी संघटना आहे, तिथे अटींचे वेळच्या वेळी नूतनीकरण होते. जिथे ते जमत नाही तिथे अटी कालबाह्य होतात आणि शेजारी काँक्रीटचा कारखाना उभा राहू शकतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या कचराभूमींचा अभ्यास केला, तेव्हा शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये असल्याचे आढळले, आणि त्या वेळी कृष्णवर्णीय होते एकूण लोकसंख्येच्या साधारण एक चतुर्थांश. झोनिंग असते तर हे झालेच नसते असे मी म्हणणार नाही; झोनिंग असलेल्या शहरांनीही हेच केले आहे. पण नियम खाजगी करारावर सोडले की दुबळ्याच्या वाट्याला करारही येत नाही, एवढे मला या शहराने दाखवले.

या सगळ्या चौकटी कागदावरून उतरून प्रत्यक्ष दिसल्या त्या ऑगस्ट २०१७ मध्ये, हार्वी वादळाच्या वेळी. चार दिवसांत शहराच्या अनेक भागांत ४० इंचांहून अधिक पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस झाला होता, एवढे सांगितले की मराठी वाचकाला अंदाज यावा. माझे घर त्या वेळी वाचले. पश्चिमेकडे राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरात मात्र पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहिले आणि बरेच दिवस ओसरले नाही, कारण ते घर बार्कर धरणाच्या पाणसाठ्याच्या जागेत होते. ॲडिक्स आणि बार्कर ही मातीची धरणे सैन्याच्या अभियंत्यांनी १९४० च्या दशकात बांधली; एरवी ती कोरडी असतात, आत उद्याने आहेत, लोक सायकली फिरवतात. धरण पूर्ण भरले तर जेवढी जमीन बुडेल तेवढी सगळी जमीन सरकारने घेतली नव्हती, आणि उरलेल्या कडेच्या जमिनीवर पुढे हजारो घरे झाली. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या नकाशांवर, ही जमीन धरणाच्या पाण्याखाली दीर्घकाळ जाऊ शकते, अशी बारीक टीप होती. माझ्या स्नेह्यांनी तो नकाशा पाणी ओसरल्यावर पहिल्यांदा पाहिला. घर घेताना सही करायच्या कागदांचा गठ्ठा केवढा असतो हे ज्याला माहीत आहे, तो त्यांना दोष देणार नाही.

२८ ऑगस्टच्या पहाटे धरणांचे दरवाजे उघडले गेले आणि खालच्या बाजूला बफेलो बायूच्या काठची घरेही बुडाली. त्यानंतर आम्ही काही जण, दाद कोणाकडे मागायची याचा शोध घेत बसलो होतो, आणि तो शोधच या महानगराच्या राज्यशास्त्राचा धडा ठरला. धरणे केंद्र सरकारची. बायू, म्हणजे ते संथ नदीवजा प्रवाह, पूरनियंत्रण जिल्ह्याचे. १९२९ आणि १९३५ च्या महापुरांनंतर १९३७ मध्ये स्थापन झालेल्या या जिल्ह्याचा कारभार काउंटीचे कमिशनर्स कोर्ट पाहते. नावात कोर्ट असले तरी तिथे खटले चालत नाहीत आणि त्याच्या प्रमुखाला जज म्हणत असले तरी तो न्यायदान करत नाही. रस्त्याखालची गटारे हद्दीप्रमाणे शहराची, काउंटीची किंवा मडची. पुनर्बांधणीचा पैसा वॉशिंग्टनचा, पण वाटप राज्याच्या भूमी कार्यालयाकडून. त्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये पूरप्रतिबंधाच्या सुमारे १०० कोटी डॉलरच्या पहिल्या वाटपात ह्यूस्टन शहराला आणि हॅरिस काउंटीला एक डॉलरही दिला नाही. ओरड झाल्यावर काउंटीसाठी ७५ कोटी देऊ केले गेले, आणि पुढच्या वर्षी केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने ही वाटपाची पद्धत भेदभावाची असल्याचा निष्कर्ष काढला. धरणाच्या वरच्या बाजूच्या घरमालकांच्या दाव्यात केंद्र सरकार जबाबदार असल्याचा निकाल डिसेंबर २०१९ मध्ये लागला.

लोकांनी स्वतःच्या खिशात हात घातला नाही असे मात्र नाही. हार्वीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २५ ऑगस्ट २०१८ ला, काउंटीच्या मतदारांनी २५० कोटी डॉलरच्या पूरनियंत्रण रोख्यांना ८५ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजुरी दिली. त्याच वर्षी कौन्सिलने पूरक्षेत्रातली नवी घरे पाचशे वर्षांच्या पुराच्या (म्हणजे कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता पाचशेत एक अशा पुराच्या) पातळीपेक्षा दोन फूट उंच बांधण्याचा नियम ९ विरुद्ध ७ अशा मतांनी केला. सात जण विरोधात होते, तेही एवढा पाऊस पाहिल्यावर!

आम्ही पुढे शहराच्या हद्दीत, ब्रेझ बायूपासून फार दूर नसलेल्या वस्तीत राहायला आलो आणि पाण्याच्या बिलावर ड्रेनेजचे शुल्क दिसू लागले. २०१० मध्ये मतदारांनी मान्य केलेले हे शुल्क घराच्या किमतीवर नसून छप्पर, अंगण, गाडीची वाट अशा पाणी न मुरणाऱ्या जागेवर आकारले जाते. सुरुवातीचा दर वर्षाला चौरस फुटामागे ३.२ सेंट आणि उघडे चर असलेल्या रस्त्यांवर २.६ सेंट. ज्याने जमीन झाकली त्याने पैसे भरावेत, ही कल्पना मला अतिशय न्याय्य वाटते. मात्र मतपत्रिकेवरची भाषा दिशाभूल करणारी होती असे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले, म्हणून २०१८ मध्ये पुन्हा मत घ्यावे लागले. निचऱ्यासाठी बाजूला काढायचा मालमत्ता कराचा ठरलेला हिस्सा शहर पूर्ण काढत नाही, असा दावा दोन अभियंत्यांनी लावला आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. उघड्या चरांची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. हे चर प्रामुख्याने जुन्या, गरीब वस्त्यांमध्ये आहेत, आणि दोन दशकांहून अधिक काळ घरासमोरचा चर साफ ठेवण्याची जबाबदारी त्या घरमालकावरच होती. शहराने ती २०२३ मध्ये पुन्हा स्वतःकडे घेतली. श्रीमंत वस्तीत रस्त्याखालचे गटार सरकार साफ करणार आणि गरीब वस्तीत आजोबांनी फावडे घेऊन चरात उतरायचे, हे इतकी वर्षे कोणाला खटकले कसे नाही?

आता मी मंगळवारी कधीमधी सिटी हॉलमध्ये जाऊन बसतो. कोणीही आधी नाव नोंदवून कौन्सिलसमोर दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. कोणी रखडलेल्या कचऱ्याबद्दल बोलते, कोणी शेजारच्या बांधकामाबद्दल, आणि घंटा वाजली की पुढचा माणूस उभा राहतो. सदस्य नेहमीच लक्ष देऊन ऐकतात असे नाही, पण बोलणाऱ्याचे नाव आणि विषय नोंदीत जातो.

गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत ते पश्चिमेकडचे स्नेही भेटले. घर दुरुस्त करून ते तिथेच राहिले आहेत. मी आग्रह केल्यामुळे ते त्यांच्या मडच्या बैठकीला जाऊन आले होते. बैठक त्यांच्या वसाहतीत नव्हती, तासाभराच्या अंतरावर एका वकिलांच्या कार्यालयात, भर दुपारी होती. खोलीत संचालक, वकील, अभियंता, हिशेबनीस असे बरेच जण होते. "आणि रहिवासी?" मी विचारले. ते म्हणाले, "मी एकटाच. त्यांनी मला आधी विचारलं, तुम्ही कोणत्या कंपनीकडून आलात?"