गुरुजी, पंखा चालू होता का?

दावा तसा नेहमीचाच होता. वडील, म्हणजे अण्णा, वारले, मागे तीन मुली, मुलगा नाही. वर्षश्राद्ध झालं आणि पुतण्याने मृत्युपत्र बाहेर काढलं : सगळी बागायत त्याच्या नावावर. मुली माझ्या पक्षकार. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मृत्युपत्र नोंदवलेलं नव्हतं. नोंदवलंच पाहिजे असं कायदा म्हणतही नाही. पण १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ एका गोष्टीवर अडून बसतं. मृत्युपत्र करणाऱ्याला सही-अंगठा करताना किमान दोन साक्षीदारांनी पाहिलेलं असावं, किंवा त्याने स्वतः त्यांना ‘हा अंगठा माझा’ असं सांगितलेलं असावं. आणि त्यांनी त्याच्यासमोर आपापल्या सह्या केलेल्या असाव्यात. म्हणजे सगळी बागायत दोन माणसांनी काय पाहिलं यावर येऊन ठेपली होती.

पहिला साक्षीदार गावचे निवृत्त मुख्याध्यापक. दुसरे बापू, पुतण्याच्याच रानात कामाला. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने स्वतःच्या पक्षासाठी दिलेली पहिली साक्ष, शपथपत्रावर होते, त्यामुळे दोघांचं म्हणणं आधीच हातात होतं. दोन्ही शपथपत्रं शब्दाला शब्द सारखी. इतकी, की पाचव्या परिच्छेदात ‘उपस्थित’चा ‘उपस्थीत’ दोन्हीकडे झाला होता. एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्याला बाहेर बसवावं, अशी विनंती मी केली आणि न्यायाधीशसाहेबांनी ती मान्य केली.

गुरुजी पिंजऱ्यात आले ते वर्गात शिरल्यासारखे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खणखणीत आवाज, नजर थेट साहेबांकडे. मृत्युपत्र कुणी लिहिलं, कुणी वाचून दाखवलं, आधी कुणाची सही झाली, सगळं ओळीने सांगितलं, कुठे अडखळले नाहीत. माझा ज्युनिअर कानाशी म्हणाला, “मॅडम, साक्षीदार पक्का आहे.”

खोटं बोलणारा नजर चुकवतो, हे आमच्या बार रूममध्ये चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकायला मिळतं. जगभर हाच समज आहे. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड यांच्या पुढाकाराने डझनावारी देशांत पाहणी झाली, तेव्हा खोटारडा कसा ओळखाल याला सर्वाधिक मिळालेलं उत्तर हेच होतं. त्याच वर्षी बाँड आणि बेला डीपॉलो यांनी तोवरच्या प्रयोगांची बेरीज मांडली. खरं-खोटं ओळखायला बसवलेले लोक चोवीस हजारांच्या घरात. त्यांचे अंदाज बरोबर आले सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. ज्यांचं कामच खोटं पकडण्याचं, त्यांचाही आकडा फारसा वर गेला नाही. म्हणून मी साक्षीदाराच्या डोळ्यांकडे फार वेळ बघत नाही. त्याच्या बोलण्यात भोकं कुठे आहेत ते शोधते. आणि भोकं नसली, तर जास्त सावध होते.

“गुरुजी, शेवटून सुरुवात करू. सह्या झाल्यावर घरी कसे गेलात?”

गुरुजी थांबले. “चालत.”

“अण्णांच्या अंगठ्याची शाई कशाने पुसली?”

“रुमालाने.”

“कुणाच्या?”

“माझ्याच.”

“चहा झाला?”

“झाला. पुतण्याच्या बायकोने केला.”

“पंखा चालू होता का?”

साहेबांनी मान वर केली. “मॅडम, पंख्याचा आणि मृत्युपत्राचा काय संबंध?”

“पुढच्या साक्षीत येईल, साहेब.”

“हो, चालू होता,” गुरुजी म्हणाले.

“टेबलाचा की छताचा?”

“छताचा.”

साहेबांनी स्टेनोला सांगितलं, तिने टाइप केलं. घटनेला सहा वर्षं झाली होती आणि गुरुजींच्या तोंडून ‘आठवत नाही’ हे शब्द एकदाही आले नव्हते. कागदावर पाठ केलेलं सुलट्या क्रमाने छान येतं. उलटं विचारलं आणि कागदात नसलेलं विचारलं, की माणसाला जागच्या जागी रचावं लागतं. आणि मास्तरकीची सवय अशी की उत्तर रिकामं सोडवत नाही. धाकट्या मुलीने मला आधीच सांगितलं होतं की शेवटची दोन वर्षं अण्णांची बाज पडवीत होती, आणि पडवीला पत्रा आहे.

मग बापूंचा पुकारा झाला. टोपी काढून हातात चुरगाळलेली, कपाळावर घाम, नजर स्वतःच्या पायांवर. शपथ घेतानाच आवाज फुटेना. समोरच्या वकिलांच्या चेहऱ्यावर चिंता दिसली. आपलाच साक्षीदार असा पुढे आला की कुणालाही वाटेल हा खोटं बोलणार.

“बापू, हे शपथपत्र तुम्हाला वाचून दाखवलं होतं का?”

“न्हाई बाई. भायेर झाडाखाली म्हणलं सही कर. केली.”

“मृत्युपत्रावर सही कुठे केली?”

“पडवीत.”

“अण्णा कुठे होते?”

“बाजंवर. झोपल्यालं. त्येंस्नी उठवलं न्हाई कुनी.”

“अंगठा कुणी घेतला?”

बराच वेळ काहीच नाही. मागच्या बाकावर पुतण्या बसला होता. “आदीच उठल्याला हुता. शाई बी वाळल्याली.”

“गुरुजी होते तिथे?”

“मी गेलो तवा न्हवतं. आदी येऊन गेल्यालं का, ते मला ठावं न्हाई.”

“महिना कुठला?”

“ऊसतोड चालू हुती. न्हाई, न्हाई, तोड न्हवं. तोड सरल्याली, खोडव्याला पानी चाललं हुतं. म्हयना ध्यानात न्हाई.”

“पंखा होता का डोक्यावर?”

“पडवीत कुठला पंका बाई, पत्रा हाय.”

स्वतःला दुरुस्त करणं, ‘ठावं नाही’ म्हणणं, शाई वाळल्यासारखा कुणी न विचारलेला बारकावा देणं. रचून बोलणारे हे सहसा टाळतात, कारण त्यांना वाटतं याने साक्ष कच्ची दिसते. माझ्या लेखी बापूंची साक्ष इथेच पक्की झाली. त्यातही ‘आदी येऊन गेल्यालं का ठावं न्हाई’ हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण माझ्या बाजूने बोलायचं असतं तर ‘गुरुजी आलेच न्हाईत’ म्हणणं सोपं होतं.

समोरच्या वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची परवानगी घेतली. “तुम्हाला घाम फुटलाय. खोटं बोलताय म्हणून घाबरलात ना?”

“घाबारलोय तर,” बापू म्हणाले. “उद्या कामाला कुठं जाऊ?”

माणसाच्या अंगावरून खरं-खोटं ठरवण्याची हौस आपल्याकडे जुनीच. मराठेशाहीत वतनाचे तंटे सुटले नाहीत की रवादिव्य करत. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं : भाजला असेल तर खोटा. आताचं पॉलिग्राफ यंत्र नाडी, श्वास, रक्तदाब आणि कातडीवरचा घाम मोजतं. ते यंत्र आणि नार्को चाचणी माणसाच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात ठरवलं. भीती मोजता येते. पण ती पकडले जाण्याची आहे की रोजगार बुडण्याची, ते नाडीला कुठलं कळायला?

साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना शेरा नोंदवता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १२ मध्ये तशी सोय आहे. साहेबांनी एक शेरा लिहिला. बापू घाबरलेले असल्याचं त्यात होतं. गुरुजींबद्दल काही नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. गुरुजींचं वागणं निर्दोष होतं.

मृत्युपत्र शाबीत झालं नाही. बापू आता दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. ते काम थोरल्या मुलीने बघून दिलं. पुतण्याने जिल्हा न्यायालयात अपील केलंय, ते अजून चालू आहे. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत, सहसा फक्त नोंदलेल्या साक्षी वाचल्या जातात. परवा प्रमाणित नकला चाळत होते. बापूंची तुटक-तुटक उत्तरं जेमतेम दोन पानं भरतात. गुरुजींचं शपथपत्र मात्र, ‘उपस्थीत’ सोडलं तर, वाचायला फारच छान आहे. त्यामुळे युक्तिवादात छताच्या पंख्यावर मला बराच वेळ खर्च करावा लागणार.