पणजीच्या दमट हवेत फिल्मवर भार टिकवताना

दाबून-सोडून वीज काढायचा तुकडा मी पणजीत करायला घेतला तो जूनमध्ये. मुहूर्तच चुकला. एफईपी ही टेफ्लॉनच्या घराण्यातली पारदर्शक फिल्म. तिच्यावर बसवलेला ऋण विद्युतभार कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतो. सेसलर आणि वेस्ट यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केलेला मायक्रोफोनही अशाच भारित पॉलिमरवर चालतो. माझ्या पहिल्या तुकड्यावरचा भार मात्र रात्रभरही टिकला नाही.

दोष फिल्मचा नव्हता. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पृष्ठभागावर बसतं आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाघळतं. मग त्या ओल्या थरातून भार कडेपर्यंत सरकत जातो आणि तिथून निसटतो. बोटाच्या घामाचंही तसंच, म्हणून हातमोजे हवेतच.

फिल्म ५० मायक्रॉन जाडीची, ६ बाय ६ सेंटीमीटर. मागे तांब्याची चिकटपट्टी ५ बाय ५, चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर कोरा सोडायचा, नाहीतर कडेवरून ठिणगी उडते. पट्टीखाली बुडबुडा राहू द्यायचा नाही. फिल्म आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, ६० अंशांवर तासभर वाळवून मगच भार द्यायचा. आधी भार देऊन मग पुसली तर सगळी मेहनत पाण्यात.

भारासाठी ग्रामोफोन रेकॉर्डवरची धूळ घालवायची स्थिरविद्युत पिस्तूल वापरली. घोडा दाबताना धन आयन (भारित कण) निघतात, सोडताना ऋण. म्हणून दाबताना तोंड दुसरीकडे, सोडताना फिल्मकडे, अंतर पाच सेंटीमीटर आणि तांबं अर्थिंगला जोडलेलं. असं दहाबारा वेळा. गॅस लायटरने करून पाहू नये, त्याच्याही दाबण्या-सोडण्यात भार उलटसुलट होतो आणि फिल्मवर ठिगळं पडतात.

समोर ॲक्रिलिकच्या तुकड्यावर ५ बाय ५ ॲल्युमिनियम फॉइल, चार कोपऱ्यांत स्पंज, फट ३ मिलिमीटर. फॉइल फिल्मवर दाबली-सोडली की फिल्मवरच्या भारामुळे तांबं आणि फॉइल यांना जोडणाऱ्या तारेतून भार इकडून तिकडे सरकतो, तीच वीज. फट उघडताना ‘टिक्’ असा आवाज आला तर हवाच फुटतेय, भार मर्यादेबाहेर गेलाय.

प्रति चौरस मीटर ५० मायक्रोकूलोम भार धरला तर २५ चौरस सेंटीमीटरमधून एका दाबेला १२५ नॅनोकूलोम मिळतात, सुटताना पुन्हा तितकेच. भार साठवणारा एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पूल-रेक्टिफायरमागे (दोन्ही दिशांची वीज एकाच दिशेला वळवणारे चार डायोड) जोडला तर प्रत्येक ठोक्याला, म्हणजे एकदा दाबून सोडण्याला, जास्तीत जास्त पाव व्होल्ट. आठ ठोक्यांत दोन व्होल्ट व्हायला हवेत, मला वीसेक लागले. कपॅसिटर प्लास्टिक-फिल्म प्रकारचाच घ्यावा, इलेक्ट्रोलिटिक आतून गळतो.

मीटरने मला बराच काळ गंडवलं. त्याचा आतला रोध १० मेगाओहम, म्हणजे एका मायक्रोफॅरडवर टेकवला की दहा सेकंदांत व्होल्टेज एक-तृतीयांशाच्या जवळ येतं. ठोके संपल्यावरच प्रोब टेकवायचे आणि पहिला आकडा घ्यायचा. तुकड्याला थेट मीटर लावला तर जेमतेम काही दिसतं, कारण तुकड्याचा स्वतःचा रोधच मीटरच्या कितीतरी पट असतो. त्यापेक्षा रेक्टिफायरमागे दहा लाल एलईडी एकामागोमाग जोडून अंधारात ठोकावं.

शेवटी सगळं झिपच्या पिशवीत घातलं, तारा निघतात तिथं गरम गोंद आणि आत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पिशवी फुटली समजायचं. फिल्म वाळवून पुन्हा भारायची, पण त्याआधी गोंद तपासायचा. तारेच्या बाहेरच्या प्लास्टिकला तो नीट धरत नाही, ओल तिथूनच शिरते.